तोळाभर शिसं

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीच्या पारावर बंदुकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "एवढ्याशा गोळीनं डुक्कर पडतंय व्हय? नळी कशी जाड पाहिजे." बोलणाऱ्यानं आयुष्यात घोडा ओढलेला असो वा नसो, त्याला शंका म्हणून नसते. जाड नळी म्हणजे मोठा बार, मोठा बार म्हणजे मोठं भोक, आणि मोठं भोक म्हणजे जनावर जागेवर. हे पुस्तक म्हणजे त्या वाक्याला दिलेलं लांबलचक उत्तर आहे. बारीक नळीची रायफल, तिचं काडतूस आणि समोर मोठं जनावर, या तिघांचा हिशेब गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जगानं कसा मांडला, आणि आपल्या मराठवाड्यात तो कसा मांडला गेला किंवा कसा मांडलाच गेला नाही, हे यात आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. हे 'शिकारीला चला' म्हणणारं पुस्तक नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला आवर घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं हौशी शिकारीचं उरलंसुरलं दारही बंद झालं. माळावरच्या काळविटाकडे बंदूक रोखणारा आज सरळ तुरुंगाच्या वाटेला लागतो, आणि लागावा. व्यंकटेश माडगूळकर आधी बंदूक घेऊन रानात गेले आणि पुढे नुसते डोळे घेऊन. मराठी वाचकाला हा प्रवास ठाऊक आहे आणि तो उलटा फिरवायची माझी इच्छा नाही. पण कायद्यानं दोन फटी ठेवल्या आहेत. एक, माणसाच्या जिवावर उठलेलं जनावर. ते पकडता येत नसेल, बेशुद्ध करून हलवता येत नसेल, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकमानं त्याला मारता येतं. दुसरी, उभ्या पिकाचा फडशा पाडणारी रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई. त्यांच्यासाठी परवाने देण्याची वाट राज्य सरकारनं २०१५ मध्ये मोकळी केली. परवान्याचा कागद हातात आला की शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच: कुठली बंदूक, कुठलं काडतूस? आणि त्याला उत्तर देणारं मराठीत काही नाही. पारावरचं ते वाक्य तेवढं आहे.

जाड नळीवरचा हा विश्वास खुळचटपणातून आलेला नाही. एकेकाळी ते शंभर टक्के खरं होतं. काळी दारू होती तोवर गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे जातच नसे. जड गोळीला सेकंदाला साडेचारशे मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. वेग वाढवता येत नाही म्हटल्यावर वजन वाढवायचं, आणि गोळी गोल, तेव्हा वजन वाढवायचं म्हणजे जाडी वाढवायची. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशातून बारा गोळ्या पडतील एवढी नळी. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, तेव्हा बारा बोअरची एक गोळी सव्वातीन तोळ्यांची होते. हत्ती-गव्यांच्या मागे लागणारे साहेब आठ बोअर, चार बोअर खांद्याला लावत. चार बोअरची गोळी जवळजवळ दहा तोळ्यांची! ती उडवणाऱ्याच्या खांद्याचं काय होत असेल ते सांगायला नको. आपल्याकडची ठासणीची बंदूक याच कुळातली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी म्हणून नाव घेऊन सांगितलेली बंदूकही ठासणीचीच आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती कायद्यानं एकोणिसाव्या शतकाची सुरुवात ठेवली आणि पारावरच्या वाक्याला दीर्घायुष्य दिलं.

१८८४ मध्ये पॉल व्हिएल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं धूर न करणारी दारू बनवली आणि सगळं गणित फिरलं. दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हाती आठ मिलिमीटरची लेबेल रायफल आली. वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या पुढे गेला. आता गोळी जाड करायची गरज उरली नाही. ती लांब करता येऊ लागली. जाडी कमी, लांबी जास्त, वजन त्यातल्या त्यात राखलेलं. गोणी शिवायचं दाभण आणि तेवढ्याच लोखंडाची गोटी एकाच जोरानं पोत्यावर मारून पाहा, म्हणजे लांब गोळीला आत शिरायला काय सोपं जातं ते कळेल. पुस्तकात या गुणाची आकडेमोड आहे: वजन भागिले व्यासाचा वर्ग. ७ मिलिमीटरच्या १७५ ग्रेनच्या गोळीला हा आकडा ०.३१ च्या आसपास येतो, .२२ च्या चिमुकल्या ४० ग्रेनच्या गोळीला ०.११. दोन्ही लहान नळीच्याच. पण एक मोठ्या जनावराच्या आरपार जाते आणि दुसरी त्याच्या खांद्यात अडकते. लहान नळी म्हणजे कमी ताकद, हा पारावरचा दुसरा समज इथेच मोडतो.

लष्करांनी बारीक नळी घेतली आणि तिची पहिली तक्रार हिंदुस्थानातूनच आली. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत .३०३ ची पूर्ण कवच असलेली गोळी माणसाच्या आरपार जाई आणि तो पुढे येतच राही, असं शिपाई सांगू लागले. मग कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बर्टी-क्ले नावाच्या अधिकाऱ्यानं गोळीच्या टोकावरचं कवच काढून शिसं उघडं ठेवलं. आत शिरताच टोक फुलायचं, जखम रुंद व्हायची. हीच ती 'दमदम' गोळी. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेनं युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. शिकारीत मात्र नेमका उलटा नियम रुजला: जनावर तडफडत जाऊ नये म्हणून गोळी फुललीच पाहिजे. माणसावर चालवायची नाही ती जनावरावर चालवायची, आणि माणसावर चालते ती जनावरावर चालवायची नाही. हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्याला काडतूस निवडण्याचं निम्मं काम साधलं. लष्करी बनावटीची, कवच झाकलेली गोळी 'ही बघा पोलादासारखी' म्हणून डुकरावर झाडणारा माणूस सर्वांत वाईट निवड करत असतो. ती सुईसारखी आरपार जाते, डुक्कर उसात घुसतं, आणि तिसऱ्या दिवशी वासावरून सापडतं.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो सांगितल्याशिवाय लहान नळीचा कुठलाच ग्रंथ पुरा होत नाही. वॉल्टर बेल हा स्कॉटिश माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत, युगांडाच्या करामोजा भागात हस्तिदंतासाठी हिंडत होता. त्यानं हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बहुतेक .२७५ रिग्बी या रायफलनं. म्हणजे मूळच्या जर्मन ७ मिलिमीटर माउझरच्या काडतुसानं. गोळी १७३ ग्रेनची. आपल्या जुन्या कलदार रुपयाचं वजन १८० ग्रेन. रुपयाहून हलक्या शिशानं चार-पाच टनांचा हत्ती खाली बसायचा! ही हकीकत ऐकली की पारावरचा माणूस एकदम दुसऱ्या टोकाला जातो: "मग बारीक नळीच भारी." तसंही नाही. बेलनं हत्तीची कवटी करवतीनं उभी चिरून मेंदू नेमका कुठे बसतो ते पाहिलं होतं. त्याची गोळी पूर्ण कवचाची होती, कारण त्याला हाडाच्या जाळीतून सरळ मेंदूपर्यंत जायचं होतं. वाटेत फुललेली गोळी तिथवर पोचलीच नसती. हत्ती न बुजलेले, रान मोकळं, आणि माणसाचा नेम असा की पुढच्या शंभर वर्षांत त्याचं नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे तो असेल. आणखी एक गोष्ट बेलच्या भक्तांच्या लक्षात राहत नाही. त्यानं त्याहून बारीक .२५६ वापरून सोडून दिली, ती ताकद कमी पडली म्हणून नव्हे तर काडतुसं दगा देऊ लागली म्हणून. ७ मिलिमीटरची जर्मन काडतुसं दर वेळी वाजली, म्हणून ती रायफल त्यानं ठेवली. बीड जिल्ह्यात कपाटातल्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली पंधरा-वीस वर्षं पडून राहिलेली काडतुसं काढून डुकरावर निघणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

बेलच्या उलटची गोष्ट जॉर्ज ग्रे याची. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचा हा भाऊ. १९११ मध्ये पूर्व आफ्रिकेत तो सिंहाच्या मागे लागला तेव्हा त्याच्या हातात त्या काळची सर्वांत वेगवान समजली जाणारी .२८० रॉस होती. गोळी हलकी, वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास. कागदावर तिची ताकद बेलच्या गोळीहून कितीतरी जास्त. चाल करून आलेल्या सिंहाला गोळ्या लागल्या, पण वरवर फुटल्या. खोल गेल्या नाहीत. सिंहानं ग्रेला गाठलं आणि काही दिवसांनी तो नैरोबीत मेला. दोन्ही रायफलींच्या नळीत फरक नखाएवढा. एकानं हजार हत्ती पाडले, दुसऱ्याचा जीव एका सिंहानं घेतला. नळी, वेग, जूल, सगळे आकडे एका बाजूला ठेवून विचारायचा प्रश्न असा: कातडी लागल्यावर ही गोळी करते काय? फुटते, फुलते की तशीच पुढे जाते? अमेरिकेतल्या जॉन नोस्लरला हाच प्रश्न १९४६ मध्ये चिखलानं माखलेल्या एका मूसनं, म्हणजे तिकडच्या दांडग्या हरणानं, विचारला. गोळ्या वरच फुटत होत्या, जनावर पडत नव्हतं. त्यानं घरी जाऊन गोळीच्या मध्ये धातूची आडभिंत घातली: पुढचा अर्धा भाग फुलेल, मागचा अर्धा तसाच आत जाईल. आज जगातल्या बहुतेक चांगल्या शिकारी गोळ्या या ना त्या प्रकारे त्याच विचाराच्या आहेत. आपल्या बाजारात त्या मिळत नाहीत, म्हणून त्यांच्यावर फार पानं खर्च केलेली नाहीत.

जिम कॉर्बेटचं नाव इथे यायलाच हवं. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला जी रायफल दिली ती .२७५ रिग्बीच होती, आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या पडला तोही तिच्याच गोळीनं. डोंगर चढायचे, रात्र-रात्र झाडावर बसायचं, तिथे हलकी रायफल हे मोठं सुख. पण वाघासाठी कॉर्बेटकडे जाड नळीची दुनळीही होती आणि ती तो वापरत असे. हे वाचताना सोयीस्करपणे गाळलं जातं.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. बालाघाटच्या अंगाचा हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. धर्मापुरीहून जवळ असलेलं अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद म्हणून ओळखलं जाई आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. घोडदळातल्या साहेबांची रीत अशी की डुकराला गोळी घालणं कमीपणाचं. त्याला घोड्यावरून भाल्यानंच मारायचं. सहावा निजाम महबूब अली खान स्वतः नामांकित नेमबाज. राजा दीनदयाळ यांनी काढलेल्या, लॉर्ड कर्झन मेलेल्या वाघामागे उभे आहेत अशा १९०२ च्या फोटोत निजामी शिकारीचा थाट दिसतो. हत्ती, हाकारे, तंबू, आणि नळी हवी तेवढी जाड. गावातल्या माणसाला मात्र हे सगळं लांबूनच. त्याच्या वाट्याला ठासणीची, किंवा पारध्याचा फास. फासेपारध्यांनी काळविटांच्या शिकारीत गाठलेलं कसब हा या पुस्तकाचा विषय नाही, पण बंदुकीशिवाय जनावर कसं कळतं हे शिकायचं तर त्यांच्याकडूनच. साहेबांच्या आठवणींच्या पुस्तकांत ते क्वचित सापडतं.

मराठवाड्यात काडतुसाची निवड शिकाऱ्यानं कधी केलीच नाही. ती सरकारनं केली, हा या पुस्तकाचा मुख्य दावा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रजांनी .४५० नळीच्या रायफली हिंदुस्थानात बंद केल्या, कारण त्या मापाच्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंडखोरांच्या हाती होत्या आणि त्यांना काडतुसं मिळू नयेत असा हेतू होता. विलायती कारखानदारांनी लगेच .४७० वगैरे नवी मापं काढली. शिकारशास्त्राची पुस्तकं या मापांवर गंभीर चर्चा करतात. जन्म त्यांचा पोलिसी हुकमातून. .३०३ चंही तेच. ते लष्कराचं काडतूस, म्हणून नागरिकाला नको. मग पळवाट निघाली ती ऑस्ट्रियातून. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं ८ मिलिमीटर मानलिखर काडतूस घेऊन बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए.नं .३१५ ची शिकारी रायफल बनवली, आणि स्वातंत्र्यानंतर बंगालच्या इच्छापूर कारखान्यानं ली-एनफील्डच्या सांगाड्यावर तीच चालू ठेवली. ज्या साम्राज्याच्या सैन्यासाठी हे काडतूस जन्मलं ते साम्राज्य १९१८ मध्ये नकाशावरून गेलं. काडतूस मात्र परळी-अंबाजोगाईच्या लायसन्सवर अजून 'थ्री फिफ्टीन' म्हणून लिहिलं जातं.

हे काडतूस हातात घेऊन पाहण्यासारखं आहे. पितळेचं, बुडाला रुंद कड, वर बाटलीसारखी मान, आणि तोंडातून बाहेर आलेलं शिशाचं बोथट टोक. बुडावर 'के.एफ.' ही अक्षरं, म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. पुण्याजवळचा हा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला. बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसंही खडकीचीच. तीनशे पंधराची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे एक तोळा आणि वर तिसरा हिस्सा. वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास, नळीच्या तोंडाशी ताकद सुमारे तीन हजार जूल. शौकीन लोक तिला जुनाट म्हणून नाकं मुरडतात, .३०-०६ चं कौतुक सांगतात. मला विचाराल तर, सरकारनं चुकून शेतकऱ्याच्या हाती चांगली वस्तू दिली. वेग बेताचा, म्हणून गोळी वर फुटून जात नाही. वजन भरपूर, म्हणून खोल जाते. टोक शिशाचं, म्हणून फुलते. आपल्याकडे गोळी झाडली जाते ती रात्री, विजेरीच्या झोतात, बांधाच्या किंवा माळ्याच्या आडून, पन्नास-साठ पावलांवरून. तिथे तीनशे मीटरवरचा नेम काय कामाचा?

डुकराबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण पारावरचं वाक्य त्याच्यावरूनच निघालं. पुरत्या वाढलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, कूर्चेसारख्या ऊतींचा थर असतो. दुसऱ्या नराच्या सुळ्यापासून वाचण्यासाठी निसर्गानं दिलेली ही ढाल. वर केस, केसांत वाळलेला चिखल. धर्मापुरीच्या शिवारात परवान्यानं मारलेल्या एका नराचा पंचनामा होताना मी ती ढाल सुरीनं कापलेली पाहिली. सुरी करकरत होती, आणि त्या थरात शिशाचे तीन जुने छर्रे रुतून बसले होते, भोवती पांढरी गाठ धरलेली. कधीतरी कुणीतरी लांबून बारा बोअरचा बार टाकला होता. छर्रे ढालीपलीकडे गेले नाहीत, जनावर बरं होऊन पुन्हा सोयाबीनमध्ये उतरत राहिलं. जाड नळीचा तो पराभव माझ्या डोळ्यांसमोर पडला होता. बारा बोअरच्या एल.जी. काडतुसातले जाड छर्रे पंचवीस-तीस पावलांच्या आत ठीक. त्यापुढे ते पसरतात, वेग सोडतात आणि जनावराला नुसते दुखवतात.

शिवाय डुकराचं काळीज आपल्याला वाटतं तिथे नसतं. ते खाली असतं आणि पुढे असतं, जवळजवळ पुढच्या पायांच्या मधोमध. पाठीवरच्या ताठ केसांमुळे शरीर आहे त्याहून उंच भासतं आणि नेम आपसूक वर जातो. वर लागलेली गोळी मणक्याच्या वरच्या काट्यांना घासून जाते. डुक्कर धाडकन पडतं, शेतकरी खूश होऊन पुढे जातो, आणि ते उठून पळतं किंवा अंगावर येतं. जखमेवर चरबी येऊन बसते, रक्त बाहेर सांडत नाही, माग लागत नाही. फुप्फुसातून गोळी आरपार गेलेलं जनावरही शंभर मीटर सहज पळतं. म्हणून दोन भोकं हवीत, एक आत जाण्याचं आणि एक बाहेर पडण्याचं, आणि दुसरं शक्यतो खालच्या अंगाला. वजनदार गोळीचा आग्रह त्यासाठी आहे.

.२२ बद्दल मी फार बोलणार नाही. तिची ताकद दोनशे जूलच्याही आतबाहेर, म्हणजे तीनशे पंधराच्या पंधराव्या हिश्श्याएवढी. तरी तिचा पुळका असलेले लोक बेला ट्विनचं उदाहरण देतात. कॅनडात अल्बर्टा प्रांतात १९५३ मध्ये या क्री जमातीच्या बाईनं .२२ च्या एकबारी रायफलनं विक्रमी आकाराचं ग्रिझली अस्वल मारलं, हे खरं आहे. पण ती पिढ्यान्‌पिढ्या रानात काढलेल्या लोकांपैकी होती, अस्वल अगदी जवळ आलं होतं, तिनं कानाच्या पुढे नेमकी जागा साधली, आणि पडल्यावरही ती गोळ्या घालत राहिली. तिच्यापुढे पर्याय नव्हता. आपल्याकडे .२२ मोठ्या जनावरावर चालते ती वेगळ्या कारणानं: आवाज कमी. जीपच्या दिव्यात हरणं दिपवून मारणाऱ्यांना तेवढंच हवं असतं. अशा लोकांसाठी या पुस्तकात काही नाही.

बिबट्याचा प्रश्न डुकराहून निराळा. तो पन्नास-साठ किलोचा, हाडानं हलका, कातडीनं पातळ. त्याला पाडायला ताकद फार लागत नाही. लागतो तो दुसरा नेम, कारण घायाळ बिबट्या हे देशातलं सर्वांत चपळ संकट. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, पुढे सोलापूरच्या करमाळा तालुक्यात मारली, आणि १८ डिसेंबरला तिथेच तो गोळीनं संपला. त्या दिवसांत बंदूकवाल्यांची, वनखात्याच्या पथकांची रानभर धावपळ चालली होती आणि गावोगाव एकच चर्चा: कुणाकडे कुठली बंदूक. दोन वर्षं आधी, २ नोव्हेंबर २०१८ ला, यवतमाळमध्ये अवनी वाघीण मारली गेली तेव्हा वाद गोळीच्या मापावर झालाच नाही. ती कुठल्या बाजूनं शिरली, वाघीण त्या क्षणी समोर होती की पाठमोरी, यावर झाला. जखमेची दिशा हा पुरावा असतो, हे शिकाऱ्यांना माहीत होतं. न्यायवैद्यकाला त्याहून बरं माहीत आहे.

२०२४-२५ च्या हिवाळ्यात बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा बाराशेच्या वरचा आकडा राज्यभर गाजला. त्या चर्चेत पिस्तुलं होती, हवेतला गोळीबार होता, रानडुक्कर नव्हतं. कमरेला पिस्तूल लावून मिरवण्याची हौस आणि सोयाबीन राखण्याची गरज एकाच कायद्याखाली, एकाच खिडकीवर येतात, आणि अर्थातच हौस आधी निभावते. शेतकऱ्याच्या वाट्याला परवान्यावर मोजकी काडतुसं. त्यातच सराव, त्यातच राखण. मग सराव होतच नाही. पहिली गोळी जनावरावर, तीही अंधारात. कुठलं काडतूस घ्यावं हे मी या पुस्तकात दोनशे पानं सांगितलं आहे. पण दिवसाउजेडी, वनखात्याच्या आणि पोलिसांच्या संमतीनं, योग्य जागी पाच गोळ्या पुठ्ठ्यावर झाडून रायफल कुठे मारते हे पाहायची सोय तालुक्याला झाली तर ती दोनशे पानं निम्म्यानं कमी करायला मी तयार आहे.

परदेशी नियमांचं एक प्रकरण मित्रांच्या आग्रहावरून घातलं. आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरासाठी .३७५ हून बारीक नळी कायद्यानंच चालत नाही. अशा देशांत आज बेल गुन्हेगार ठरला असता. आपल्याकडे असा किमान मापाचा नियम शेतकऱ्यापर्यंत पोचलेला नाही. परवान्यात जनावराचं नाव असतं. ते कशानं मारावं हे लायसन्सवर जी बंदूक असेल तिच्यावर सोडलेलं असतं. एखाद्या वनक्षेत्रपालानं परवाना देताना 'अमुक अंतराबाहेर छर्रे नकोत, .२२ नको' एवढ्या दोन ओळी खाली लिहिल्या तरी पुष्कळ जनावरं हाल होऊन मरायची वाचतील. त्यासाठी लागणारी माहिती शेवटच्या परिशिष्टात एका पानावर दिली आहे. ते पान झेरॉक्स करून भिंतीला लावायला कुणाची हरकत नाही.

मापांविषयी थोडं. गोळीचं वजन मी ग्रेनमध्ये आणि कंसात तोळ्यात दिलं आहे, कारण आमच्याकडे सोनं-चांदी हाताळलेल्या माणसाला तोळा हातात कळतो, ग्रॅम कागदावर. नळीचं नाव आणि गोळीची खरी जाडी यांत घोळ असतो: .२७५ रिग्बीची गोळी प्रत्यक्षात .२८४ इंचांची, .३०३ ची .३११ ची. तक्त्यात दोन्ही आकडे आहेत. दुकानात काडतूस मागताना नाव सांगावं आणि लायसन्स दाखवावं, जाडी सांगत बसू नये.

पहिलं प्रकरण ठासणीच्या बंदुकीवर आहे, तिसरं काळ्या दारूकडून बिनधुराच्या दारूकडे. ज्यांना इतिहासाचा कंटाळा आहे त्यांनी थेट चौथ्या प्रकरणावर, तीनशे पंधरावर, उडी मारली तरी चालेल. दुसरं मात्र वगळू नये. त्यात बंदुकीचं एकही चित्र नाही. डुक्कर, रोही आणि बिबट्या यांच्या अंगात काळीज, फुप्फुस आणि मणका कुठे असतो, समोरून, बाजूनं आणि तिरकं उभं असताना, एवढंच आहे.